शिळ्या पुड्यांची न्याहारी

होळीचा रंग सोसायटीच्या फरशीवरून पुरता निघालेला नसतो, तोवर गुरुग्राम, नोएडा, गाझियाबादकडच्या घरांत बासोड्याची बोलणी सुरू होतात. तिकडच्या पंचांगात तेव्हा चैत्र लागलेला असतो, आपला फाल्गुन अमावास्येपर्यंत रेंगाळत असतो. तिथी मात्र एकच, वद्य अष्टमी. कुणी सप्तमी पाळतं, कुणी होळीनंतरचा सोमवार धरतं. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. शीतला मातेला नैवेद्य शिळ्या अन्नाचा, आणि घरानंही तेच खायचं. म्हणून आदल्या रात्री पुडे, गुलगुले आणि गोड भात करून ठेवतात, दही विरजतात.

पुडा म्हणजे आपलं गुळाचं धिरडं. गूळ पाण्यात विरघळवून ते पाणी गाळून घ्यायचं, त्यात कणीक थोडी थोडी सोडत गुठळी न होऊ देता कालवायची, बडीशेप घालायची आणि पीठ तासभर झाकून ठेवायचं. खरी कसोटी तव्यावर. गुळामुळे पुडा फार लवकर करपतो, तेव्हा आच मंदच हवी. डावानं पीठ पसरलं की कडेनं तूप सोडायचं, वरचा ओला चकाकता भाग मिटेपर्यंत थांबायचं आणि मगच उलथायचं. घाई केली की मधोमध फाटतो. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या अम्मा उलथन्याची कड पुड्याखाली सरकवून आधी रंग बघतात. तांबूस दिसला तर उलटवतात, नाहीतर हात मागे घेतात. रात्री अकरापर्यंत हे चालतं. मग ओटा धुऊन, गॅस पुसून, त्या जाहीर करतात, “बस, कल चूल्हा नहीं जलेगा।”

गुरुग्रामचं शीतला मातेचं देऊळ या दिवसांत माणसांनी फुलून जातं. जावळं काढायला लांबलांबून लोक लेकरं घेऊन येतात. द्रोणाचार्यांची पत्नी कृपी हीच इथली शीतला, अशी तिथली श्रद्धा आहे. आदिपर्वात द्रोण भीष्मांना आपल्या दारिद्र्याची गोष्ट सांगतात. श्रीमंतांच्या मुलांना दूध पिताना पाहून अश्वत्थामा दुधासाठी रडला, तेव्हा पोरांनी पाण्यात पीठ कालवून त्याला पाजलं, आणि आपण दूध प्यायलो या आनंदात तो नाचू लागला. (आपल्याकडे ही गोष्ट सांगताना ते पीठ बहुतेक वेळा आईच कालवते. मूळ कथेत ती इतर मुलांची थट्टा आहे, आणि ती जास्त झोंबते.) ज्या आईच्या मुलाची पीठ-पाण्यावर बोळवण झाली, तिच्या नावानं घरोघरी पीठ-पाणीच कालवलं जातं, फक्त आता त्यात गूळ असतो आणि कडेनं तूप.

शीतला ही देवीच्या रोगाची देवता. तो रोग भारतातून गेल्याचं 1977मध्ये जाहीर झालं, जगातून गेल्याचं 1980मध्ये. भीती संपली, पुडे राहिले. आता लोक सांगतात की यानंतर उन्हाळा वाढतो, शिळं टिकत नाही, म्हणून शिळं खाण्याचा हा शेवटचा दिवस. पटण्यासारखं आहे. पण मला या सणात दुसरंच काही दिसतं.

धिरडं, घावन, आंबोळी, डोसा, नाताळच्या सुट्टीत मुलं हट्टानं करायला लावतात तो पॅनकेक, या सगळ्यांची जात एक. तव्यावरून एका वेळी एकच उतरतं. आठ माणसांच्या घरात पहिल्याचं खाऊन होतं तेव्हा पाचव्याचं पानात पडत असतं. सणाची न्याहारी सगळ्यांनी मिळून करायची म्हणतो, पण ती मिळून कधी होतच नाही. तव्याजवळची व्यक्ती “तुम्ही बसा, गरम आहे तोवर खा” म्हणत राहते, आणि तिची पाळी येते तेव्हा भांड्याच्या तळाशी उरलेल्या पिठाचं एक वेडंवाकडं, जाडसर काहीतरी निघतं. चटणीही तोवर संपलेली असते. गरम खाण्याचं आपल्याला जे कौतुक आहे, त्याची किंमत कोण मोजतं हे ताटावर बसलेल्याला दिसत नाही; त्याची पाठ ओट्याकडे असते.

बासोड्याच्या सकाळी अम्मांच्या घरी मी हे उलटं झालेलं पाहिलं. पहाटे पूजा आटोपली होती. स्वयंपाकघर गार, टेबलावर पुड्यांची चळत, शेजारी दही. अम्मा, त्यांची सून, मुलगा, नातवंडं, सगळी एकदम बसली. सुनेला कुणी हाक मारत नव्हतं, कारण मागवण्यासारखं आत काही नव्हतंच. चहा नाही म्हणून मुलगा जरा कुरकुरला, तेवढंच. रात्रभरात पुडा मऊ पडतो, बडीशेप आतपर्यंत मुरते, आणि दह्याबरोबर तो गरम पुड्याहून चांगला लागतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

आपल्याकडेही श्रावणात शिळासप्तमी आहे, तिची कहाणी आहे. त्याआधी दोन दिवस, नागपंचमीला, तवा ठेवायचा नाही म्हणून दिंडं उकडतात. हे नियम कुणी कशासाठी घातले असतील ते असो. वर्षातून एखाद दिवस तरी ओट्याजवळचं माणूस पाटावर येत असेल, याचं मला बरं वाटतं.

हे सगळं मनात घोळवत घरी आलो आणि गौरीच्या दिवशी घावनं आदल्या रात्री करून ठेवू या, असं सुचवलं. आमची मंडळी कोकणातली. गौरीला घावन-घाटलं हवंच. बायकोनं एका वाक्यात निकाल लावला, “सकाळी ती घावनं तुम्ही चावून दाखवा.” खरंच आहे. गूळ ओलावा धरून ठेवतो, म्हणून पुडा रात्रभर मऊ राहतो. नुसत्या तांदळाचं घावन गार झालं की ताठ होतं. शिवाय नैवेद्य ताजा हवा.

मग तोडगा निघाला तो तिचाच. नैवेद्य दाखवून झाला की ज्याच्या पानात पहिलं घावन पडेल, त्यानं ते खाऊन उठायचं आणि उलथनं हातात घ्यायचं, त्याच्यानंतर दुसऱ्यानं. गेल्या गौरीला हा नियम लागू झाला. एरवी पहिल्या घावनासाठी भांडणाऱ्या मुलांनी ताट एकमेकांकडे ढकललं, “आधी बाबांना दे.”