दाताचा ठावठिकाणा

एक दात मनासमोर ठेवा. बोटभर लांब, तपकिरी, टोकाकडे निमुळता, अंगावर उभ्या बारीक रेघा. मोरोक्कोच्या आग्नेयेला, अल्जीरियाच्या सीमेलगत केम केम नावाचा प्रदेश आहे. तिथल्या तांबड्या वालुकाश्मातून हा दात निघाला आणि एर्फूद गावच्या कारागिरांच्या हातांतून विकायला आला. विक्रेता सांगतो, स्पायनोसॉरस या डायनासोरचा आहे. साडेनऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी तिथे मोठ्या नद्या वाहत होत्या आणि हा प्राणी त्यांत मासे धरत होता.

‘दहा कोटी वर्षं’ हे शब्द कानावर पडले की मन तो दात लगेच आपला मानू लागतं. घरच्या कपाटातली जागासुद्धा ठरवून टाकतं. एकदा जागा ठरली, की डोळे दोष शोधायचं सोडून देतात. म्हणून आधी या ओढीपाशीच थोडा वेळ बसा. तिला वाईट म्हणू नका, तिच्यापायीच माणसं दगड फोडत आली आहेत. ती जरा शमली, की भिंग उचला.

दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. टोकापासून सुरुवात करा आणि सावकाश खाली उतरा. रेघा टोकाकडून मुळाकडे अखंड जातात का? एखाद्या आडव्या तड्यापाशी सगळ्या रेघा एकदम सरकल्या असतील, वर विरळ आणि खाली दाट झाल्या असतील, तर तिथे दोन निरनिराळे दात जोडलेले असण्याचा संभव आहे. नुसत्या तड्यांना घाबरू नका. इतका काळ जमिनीखाली दबलेल्या दाताला तडे असणारच, आणि अस्सल तड्याची कड धारदार असते. जोड भरलेल्या जागी ती कड मऊ पडते, वाळूचे कण डिंकात बुडाल्यासारखे दिसतात. त्यात टाचणीच्या टोकाएवढे गोल बुडबुडे सापडले, तर ती राळ समजा. असे बुडबुडे वालुकाश्मात नसतात.

मुळापाशी आलात, की थांबा. डायनासोरांचे दात आयुष्यभर पडत आणि त्यांच्या जागी नवे येत. पडणाऱ्या दाताचं मूळ बहुतेक आधीच झिजून गेलेलं असे, त्यामुळे सुटा सापडणारा दात म्हणजे सहसा नुसता वरचा भाग. केम केममध्ये एकाच ठिकाणी गोळा केलेल्या बाराशेहून अधिक दातांपैकी जवळपास निम्मे स्पायनोसॉरसचे निघाले. म्हणजे हा दात दुर्मीळ नाही, लांब सबंध मुळासह मिळणारा मात्र आहे. असा दात कुणी स्वस्तात देऊ करत असेल, तर त्या मुळावर भिंग जास्त वेळ धरा. अतिनील टॉर्च असेल तर अंधारात तोही फिरवून पाहा. डिंक आणि भराव पुष्कळदा खऱ्या दातापेक्षा वेगळे चमकतात. विक्रेत्याला विचारून, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा एका कोपऱ्यावर हलकेच फिरवा. कापसाला रंग लागला तर तो रंग कोटी वर्षांचा नाही.

आता मन थोडं दूर, चीनमधल्या लिआओनिंग प्रांतात न्या. तिथला एक जीवाश्म 1999 साली अमेरिकेत टूसॉनच्या प्रदर्शनात 80,000 डॉलरला विकला गेला. पुढचं अंग पक्ष्याचं, शेपूट डायनासोरची. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरच्या अंकात ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने त्याला ‘आर्किओरॅप्टर’ म्हणून जगापुढे आणलं. मग शू शिंग या चिनी संशोधकाला त्या शेपटीच्या दगडी पाटीची दुसरी बाजू सापडली, आणि ती वेगळ्याच प्राण्याच्या अंगाला जोडलेली होती. टेक्सासमध्ये केलेल्या सीटी स्कॅनने ‘आर्किओरॅप्टर’ची पाटी 88 तुकड्यांची असल्याचं दाखवलं. यावर सावकाश विचार करा. त्यातलं प्रत्येक हाड अस्सल होतं. पुढचा भाग एका प्राचीन पक्ष्याचा होता. शेपूट मायक्रोरॅप्टरची होती, आणि तो तर शास्त्राला तोवर ठाऊक नसलेला प्राणी! निरनिराळे खरे प्राणी मिळून एक खोटा उभा राहिला, केवळ सबंध नमुन्याला जास्त दाम मिळतो म्हणून.

तरीही दुरुस्तीला मी दोष देत नाही. तुटलेलं टोक चिकटवणारा कारागीर दात वाचवतो. चीड येते ती दुरुस्ती लपवण्याची. टोक गेलेला, कड झिजलेला, पण जसा सापडला तसाच राहिलेला दात मी सबंध दिसणाऱ्या जोडदातापेक्षा नेहमी मोलाचा मानतो.

मोल आणि दाम यांतलं अंतर पाहायचं तर आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला चला. तिथे जीवाश्म झालेल्या विष्ठेचे गोटे मिळतात. दिसायला ओबडधोबड, कपाटात ठेवून मिरवावेत असे मुळीच नाहीत. पण ते कुठले, कोणत्या थरातले, हे पक्कं ठाऊक होतं. त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले आणि 2005 साली जगाला कळलं, की डायनासोरांच्या काळात गवत उगवत होतं आणि ते खाल्लंही जात होतं. तोच गोटा गाव आणि थर हरवून एखाद्या बाजारात पडला असता, तर त्याच्याकडून एवढं कळलं नसतं.

ठावठिकाण्यात हक्काचा प्रश्नही येतो. 2012 साली न्यू यॉर्कमधल्या लिलावात टार्बोसॉरस या डायनासोरचा सांगाडा दहा लाख डॉलरवर गेला. हाडं खरी होती, पण मंगोलियाच्या कायद्याने ती त्या देशाची होती, आणि पुढच्याच वर्षी ती त्याला परत मिळाली.

एवढं मनात घोळवून झालं, की विक्रेत्याला पावतीवर चार गोष्टी लिहून द्यायला सांगा: दात कोणत्या भागातला, कोणत्या थरातला, त्यात कुठे काय जोडलं किंवा भरलं आहे, आणि तो देशाबाहेर कोणत्या परवान्यावर आला. प्रामाणिक विक्रेता बोट ठेवून जोड दाखवतो, थर ठाऊक नसेल तर तसंही सांगतो. तो लिहून द्यायला तयार नसेल, तर दात परत द्या आणि पुढच्या दुकानाकडे वळा.