पत्त्यांची काटकसर

सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत नेटवर्क सांभाळायला एक मुलगा लागला. डिप्लोमा झालेला, हुशार आणि कमालीचा काटकसरी. शाखा जसजशा ऑनलाइन होत गेल्या तसतसे तो त्यांना आयपी पत्ते देत गेला. शिराळ्यात बावीस मशिनं, म्हणून तीस पत्त्यांचा तुकडा. त्याला लागून पुढचा तुकडा जतला, मग आष्ट्याला, मग आटपाडीला. एक्सेलच्या शीटमध्ये मधे एक रकाना मोकळा नाही. साहेबांनी ती शीट संचालकांच्या बैठकीत कौतुकाने फिरवली होती.

पुढे शाखाशाखांत एटीएम आलं, कॅमेरे आले, पासबुक छापायचं मशिन आलं. शिराळ्याच्या तुकड्यात जागा नव्हती आणि शेजार जतने धरलेला. मुलाने यादीतला पुढचा मोकळा तुकडा देऊन टाकला. असं करता करता एकेका शाखेचे पत्ते तीन-तीन ठिकाणी विखुरले. मुख्य कार्यालयाच्या राऊटरमध्ये प्रत्येक तुकड्याची वेगळी ओळ झाली: हा आला तर इस्लामपूरच्या लाईनवर घाल, तो आला तर मिरजेच्या. चालत होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

ऐन पेन्शनच्या दिवशी इस्लामपूरकडची केबल रस्त्याच्या खोदकामात तुटली. पर्यायी लाईन होती, पण पश्चिमेकडच्या सगळ्या ओळी हाताने तिच्यावर वळवायच्या होत्या. मुलगा शीट पुढ्यात घेऊन एकेक कमांड मारत होता आणि फोनवर कॅशिअर विचारत होते, “लिंक कधी येणार हो?” त्या धांदलीत आष्ट्याची कॅमेऱ्यांची ओळ वळली, काउंटरची राहिली. सांगलीत बसून आष्ट्यातली पेन्शनरांची रांग स्पष्ट दिसत होती. तिला पैसे तेवढे देता येत नव्हते.

दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या एक मॅडम बँकेला सल्ला द्यायला येत. दुसऱ्या दिवशी त्या आल्या. राऊटरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, शीट मागितली.

“आष्टा कुठून जातं?”

“इस्लामपूरवरून, मॅडम.”

“आणि शिराळा?”

“तेही तिथूनच.”

“हे पत्त्यावरून कळतं का?”

“नाही. शीट बघावी लागते.”

“अरे, मग पत्ता कशाला म्हणायचं त्याला? तो तर टोकन नंबर झाला. आधी आला त्याला आधी.”

मग त्यांनी पिनकोडची गोष्ट काढली. श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ती पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ४१६४१६ लिहिलेलं पाकीट मुंबईत पडलं, तर तिथल्या सॉर्टिंगवाल्याला सांगलीची गल्ली माहीत असावी लागत नाही. तो पुढचे आकडे बघून थैली ठरवतो. उरलेले आकडे सांगलीकडचे लोक बघतील. इंटरनेटला हे शहाणपण जरा उशिरा आलं. पत्ते मागेल त्याला, मागेल तेव्हा वाटले गेले, राऊटरांतल्या ओळी फुगत गेल्या आणि १९९३ साली वाटपाचे नियमच बदलावे लागले.

मुलाला मुद्दा पटला. त्याने रात्री बसून इस्लामपूरकडच्या चार शाखांना सलग नंबर दिले: १०.२०.५ पासून १०.२०.८ पर्यंत. “आता एका ओळीत बसतील,” म्हणाला.

“बसतील? शेवटचे आकडे दोनच्या पद्धतीत मांड बघू.”

त्याने पेन्सिलीने मांडले.

०००००१०१
०००००११०
०००००१११
००००१०००

पहिल्या तिघांची सुरुवातीची सहा घरं अगदी सारखी. आठने मात्र पाचव्या-सहाव्या घरात दगा दिला. चार सलग नंबर, पण राऊटरच्या लेखी एक कुटुंब नव्हे. चारपासून सुरू केले असते तर ४, ५, ६, ७ एका ओळीत मावले असते. मुलगा लगेच खोडून चार लिहू लागला.

“थांब. उद्या पलूसला शाखा निघाली तर?”

“तिला पुढचा—” म्हणता म्हणता तो गप्प झाला.

शेवटी १०.१६ने सुरू होणारं सगळं इस्लामपूरकडचं, १०.३२ने सुरू होणारं मिरजेकडचं, असं ठरलं. तिसरा आकडा शाखेचा. काउंटर, एटीएम, कॅमेरे यांच्या जागा प्रत्येक शाखेत त्याच. मुख्य कार्यालयात दोन्ही बाजूंना मिळून दोन ओळी. एका संचालकांनी शीट बघून विचारलंच, “एवढे नंबर मोकळे? वाया नाही का गेले?” मुलाने सांगितलं, “साहेब, १०ने सुरू होणारे पत्ते १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ आहेत आणि आपल्या आतल्या वापराला फुकट आहेत. परवा आष्ट्यात वेळ वाया गेला, तो फुकट नव्हता.”

पत्ते बदलायला मात्र कित्येक रविवार गेले. जुन्या प्रिंटरांत पत्ता हाताने घातलेला, तो ज्याने घातला तो नोकरी सोडून गेलेला. पलूसची शाखा उघडली तेव्हा सांगलीचा राऊटर उघडावा लागला नाही. आटपाडीच्या एटीएमचा पत्ता बदलायला त्या कंपनीने वेगळे पैसे मागितले आणि बँकेने दिले नाहीत. त्यामुळे राऊटरमध्ये एक तिसरी ओळ राहिली. मुलाने तिच्यापुढे कारण आणि तारीख लिहून ठेवली आहे. दर तिमाहीला तो कंपनीला पत्र पाठवतो.