चौदा ध्वनींपाशी

वर्णमाला मनातल्या मनात म्हणा, पण शाळेतल्यासारखी घाई नको. क म्हणून थांबा. ख, ग, घ सोडून द्या. चवर्ग सगळाच राहू द्या, टवर्गही. तवर्गातून त आणि न घ्या, पवर्गातून प आणि म. पुढचे य, ल, व, स. झाली नऊ व्यंजनं. स्वर पाच: आ, ए, इ, ओ, उ. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, ख-घसारखा एकही महाप्राण नाही. व्यंजनामागे स्वर येतो, अक्षराच्या शेवटी फार तर न.

एवढ्या १४ ध्वनींवर टोकी पोना ही भाषा उभी आहे. कॅनडातल्या सोन्या लँग यांनी ती रचली आणि २००१ मध्ये लोकांपुढे ठेवली. २०१४ साली त्यांचं तिच्यावरचं पुस्तक आलं, त्यात शब्द सुमारे १२०. आपले विचार साधे करून पाहावेत म्हणून त्यांनी ही भाषा घडवली.

आता एक शब्द हळू म्हणा: कालामा. अर्थ आवाज. भर पहिल्या अक्षरावर द्या. क घशाजवळ उमटतो, ल जिभेच्या टोकाशी, म ओठांवर. आवाज आतून बाहेर चालत येतो. पुन्हा म्हणा आणि त्याची वाट जाणवते का ते पाहा.

या भाषेत प म्हणताना ब निघाला, तरी शब्द तोच राहतो. ब साठी वेगळी जागाच नाही. उच्चारावरून ज्यांना कधी कुणी हिणवलं असेल, त्यांनी इथे थोडं जास्त थांबावं.

श्वास सावकाश होऊ द्या आणि वाक्याकडे या: मी मोकू. यातला मी आपल्या मराठी मीसारखाच ऐकू येतो, पण त्यात आम्हीही आहोत. मोकू म्हणजे खाणं, आणि अन्नही. मी जेवतो, मी जेवते, आम्ही जेवलो, आम्ही जेवू: सगळं या दोन शब्दांत मावतं. बाई की पुरुष, काल की उद्या, हे क्रियापद विचारतच नाही. सांगायचंच असेल तर काळाचा शब्द वेगळा जोडावा लागतो. आणखी एक अर्थ त्यात आहे: मी अन्न आहे. तैत्तिरीय उपनिषदातला साधकही अखेरीस अन्न आणि अन्न खाणारा ही दोन्ही नावं स्वतःला लावून घेतो. कर्मापूर्वी येणारा ए हा छोटा शब्द घातला की मात्र संदिग्धता सरते. मी मोकू ए किली: मी फळ खातो. पण ए घालण्याआधी त्या दोन शब्दांत थोडं राहा. आज जेवलेलं आता तुमच्यात आहे. त्यात तुम्ही कुठे संपता आणि अन्न कुठे सुरू होतं?

मला या व्याकरणातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते मात्र शब्दांच्या क्रमात आहे. मराठीत विशेषण आधी येतं. भांडकुदळ माणूस, लबाड शेजारी, हट्टी मुलगी: माणूस समोर येण्याआधी आपला निवाडा पोचलेला असतो. टोकी पोनात नाम पहिलं. यान म्हणजे माणूस. यान पोना, चांगला माणूस, मित्र. यान उताला, भांडणारा माणूस, योद्धा. यान इके, वाईट माणूस. राग कितीही असो, सुरुवात यानपासूनच करावी लागते. वाईटही म्हणता येतं, भाषा अडवत नाही. फक्त ते दुसऱ्या जागी येतं.

ज्याच्याशी तुमचं सध्या पटत नाही असं कुणीतरी आठवा. त्याचा चेहरा येऊ द्या, त्याचं बोलणंही. मग म्हणा, यान. यात त्याला माफ करायचं नाही, त्याची बाजूही घ्यायची नाही. पुढचा शब्द तुम्हीच निवडायचा आहे, आणि त्याला घाई नाही. त्या माणसाला काय काय लागू पडतं ते एकेक करून शेजारी ठेवून पाहा: उताला, इके, थकलेला, घाबरलेला, पोना. कुठलाही घ्या, फक्त यान म्हटल्यावर घ्या.