अजून जोरात

टेनिस बॉल सोडून आम्ही सीझन बॉलने खेळायला लागलो, तेव्हा मला एकच ध्यास होता: अजून जोरात. समोरचा पोरगा मागे सरकला की बरं वाटायचं. ते बरं वाटणं आता खुपतं.

हिशेब सोपा आहे. चेंडूची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १२० किलोमीटरचा चेंडू १५० वर नेला तर वेग सव्वापट होतो, ऊर्जा दीडपटीहून जास्त.

१९६२ साली बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला. कवटी फुटली. वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी रक्त दिलं. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण पुन्हा कसोटी खेळले नाहीत. त्याच सामन्यात पुढे पंचांनी ग्रिफिथचा एक चेंडू नोबॉल दिला, तो ‘फेकला’ म्हणून. डोक्यावर बसलेला मात्र वैध होता.

आपल्याला इजा करायची नव्हती, असं गोलंदाज म्हणतो आणि ते बहुतेकदा खरंही असतं. पण फलंदाजाची भीती त्याला हवी असते, आणि खोट्या धोक्याला कुणी भीत नाही.

मीसुद्धा “लागलं का रे?” असं मनापासून विचारायचो. मग परत जाताना रनअप दोन पावलं वाढवायचो.