यंत्राचे भाषांतर आणि माणसाचा जबाब

मोबाईलसमोर परक्या भाषेतले वाक्य बोलावे आणि क्षणात ते आपल्या भाषेत ऐकावे, हा चमत्कार आता घरोघरी मुले करून दाखवितात. भिलाईसारख्या ठिकाणी, जेथे मराठी, छत्तीसगढी, तेलुगू, मल्याळी आणि बंगाली घरे शेजारीशेजारी नांदतात, तेथे या यंत्राचे कौतुक अधिकच वाटावे हे स्वाभाविक आहे. उपासनेनंतर मंडळीच्या आवारात याविषयी दोन मते हमखास कानी पडतात. तरुण म्हणतात, "आता भाषांतरकारांना काम ते काय उरले?" वडीलधारी म्हणतात, "यंत्राला काय कळते? ती नुसती पोपटपंची." पवित्र शास्त्राच्या भाषांतरात आयुष्याची बरीच वर्षे गेलेल्या माझ्यासारख्याला ही दोन्ही मते अपुरी वाटतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

पोपटपंची म्हणून यंत्राची बोळवण करणे न्यायाचे नाही. आम्ही भाषांतरकार कित्येक वर्षे पॅराटेक्स्ट नावाची संगणकप्रणाली वापरतो. एखादे विशेषनाम मत्तयात एका तऱ्हेने आणि प्रेषितांच्या कृत्यांत दुसऱ्या तऱ्हेने लिहिले गेले, तर ती ते शोधून देते. माणसाचा डोळा अशा ठिकाणी हटकून थकतो. पुढे २०२२ मध्ये मेटा कंपनीने सुमारे दोनशे भाषांत परस्पर भाषांतर करणारी प्रणाली प्रसिद्ध केली, तीत छत्तीसगढीलाही स्थान आहे. जिला 'बोली' म्हणून बाजूला सारण्याची आपल्याला सवय, तिची दखल दूरदेशीच्या यंत्राने घ्यावी, ही लहान गोष्ट नव्हे.

याच कंपनीने २०२३ मध्ये अकराशेहून अधिक भाषा ऐकू व बोलू शकणारी प्रणाली पुढे आणली. तिच्या शिक्षणासाठी मुख्यतः काय वापरले होते? नव्या कराराची ध्वनिमुद्रित वाचने! जगातील अनेक लहान भाषांत सलग असे दुसरे काही सहज उपलब्धच नव्हते. हे वाचून मला प्रथम हसू आले आणि मग विचार पडला. ज्या भाषेत यंत्राने केवळ शास्त्रवाचन ऐकले, त्या भाषेत त्याला मेंढपाळ कळेल, पेरणारा कळेल, जकातदारही कळेल. पण बाजारात भाजीवालीशी घासाघीस करताना किंवा तापाने फणफणलेल्या लेकराचे दुखणे डॉक्टरांना सांगताना माणसे कशी बोलतात, हे ते कोठून शिकणार? मोठ्या भाषांच्या मानाने लहान भाषांत यंत्र जे अडखळते, त्याचे कारण बरेचसे येथे आहे. जेथे लिखित मजकूर थोडा, तेथे यंत्राची पुंजीही थोडी.

परंतु समजा, ही पुंजी उद्या वाढली. मग प्रश्न मिटला काय?

मार्काच्या चौथ्या अध्यायातील वादळाचा प्रसंग घ्या. भयभीत शिष्य प्रभूला उठवितात आणि बुडण्याविषयी बोलतात. कोण बुडणार? मूळ ग्रीक क्रियापदातून एवढेच कळते की बोलणारे स्वतःला धरून अनेकांविषयी बोलत आहेत. इंग्रजी आणि हिंदीलाही याहून अधिक काही ठरवावे लागत नाही. मराठीला मात्र ठरवावेच लागते. "आम्ही" म्हटले, तर शिष्यांनी प्रभूला आपल्या संकटातून वगळले. "आपण" म्हटले, तर तोही त्याच तारवात, त्याच लाटांखाली आहे. एका सर्वनामात ख्रिस्ताविषयीची शिष्यांची समजूत सामावलेली आहे. यंत्र येथे क्षणभरही थांबत नाही. पूर्वी वाचलेल्या मजकुरावरून जे अधिक संभवनीय ते निवडते, आणि ते बरोबरही असू शकेल. परंतु तुम्ही हेच का निवडले, असे एखाद्या वृद्ध भगिनीने उद्या विचारले, तर उत्तर कोणी द्यावे? यंत्राला विचारले तर तेही कारणे सांगेल, अगदी अदबीने सांगेल. पण त्या कारणांसाठी त्याला कोठे उभे राहावे लागत नाही, काही गमवावे लागत नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'सुवास' ही भाषांतरप्रणाली सुरू केली. इंग्रजी 'लीव्ह ग्रँटेड', म्हणजे अपील करण्यास परवानगी दिली, याचे यंत्राने हिंदीत 'सुट्टी मंजूर' अशा अर्थाचे भाषांतर केले, हे उदाहरण न्यायमूर्तींनीच जाहीरपणे सांगितलेले आहे. लोक ते विनोद म्हणून सांगतात. मला त्यापेक्षा न्यायालयाची सावधगिरी अधिक महत्त्वाची वाटते: भाषांतरित निकालांबरोबर अशी सूचना असते की, अधिकृत पाठ इंग्रजीच समजावा. ज्याच्या शब्दाने एखाद्याची जमीन किंवा स्वातंत्र्य जाऊ शकते, त्याने जबाबदारी यंत्राच्या हाती दिलेली नाही.

भिलाईकरांना ही गोष्ट नवी वाटू नये. येथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. येथे तयार होणारे रूळ देशभर जातात, दोनशे साठ मीटर लांबीचेदेखील. ते ओढतात यंत्रे, तपासतातही यंत्रे. तरीही प्रत्येक रुळावर कारखान्याची खूण, वर्ष आणि ज्या ओतीतून ते पोलाद निघाले तिचा हीट नंबर उमटवलेला असतो. पुढे कधी कोसो दूर तो रूळ तडकला, तर मागोवा घेत थेट त्या ओतीपर्यंत जाता येते. माझे म्हणणे एवढेच आहे, की शब्दांनाही असा क्रमांक हवा. पंडिता रमाबाईंनी केडगावी हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्र उतरविले आणि १९२२ साली त्यांचा देहान्त झाला. त्यांच्या शब्दांशी कोणाचा मतभेद असो. विचारावयास नाव आहे. याकोबाच्या पत्रात, शिकविणाऱ्यांचा न्याय अधिक कडक होईल, अशा आशयाचा जो इशारा आहे, तो शिकविणारा कोण हे ठाऊक असल्यावाचून निरर्थक होतो.

अलीकडे काही मंडळ्यांत यंत्राने भाषांतरित केलेले पाठ छापून वाटले जातात. त्यास माझा सरसकट विरोध नाही. वेळ वाचतो, आणि लहान मंडळीजवळ पैसा कोठे असतो? मात्र ती भाषा घरात बोलणाऱ्या एकाने तरी तो पाठ मोठ्याने वाचावा, अक्षरओळख नसलेल्या एखाद्या आजीला ऐकवून "आता तुमच्या शब्दांत सांगा" असे म्हणावे, तिने जे सांगितले त्याप्रमाणे दुरुस्ती करावी, आणि मग पानाच्या तळाशी आपले नाव घालावे. नाव घालावयास कोणी तयार नसेल, तर तो पाठ त्या रविवारी वाटू नये.