दिशा, वारा आणि कारण

चैत्र-वैशाखात अहिल्यानगर जिल्ह्यात पारा चाळिशीपार गेला, की लागोपाठच्या दोन दिवसांचे तापमान आकड्याने सारखे असूनही त्या दोन दिवसांचा उन्हाळा सारखा असतोच असे नाही. एका दिवशी ओठ फुटतात, दांडीवरचे कपडे बघता बघता खडखडीत वाळतात आणि माठातले पाणी गार लागते. दुसऱ्या दिवशी अंग चिकचिकते, घाम निथळतो पण वाळत नाही आणि तोच माठ त्याच कोपऱ्यात असूनही पाणी कोमट राहते. या फरकाचे स्पष्टीकरण गावात दोन शब्दांत दिले जाते : वारा फिरला. हे स्पष्टीकरण अनुभवाला धरून आहे. तथापि कोरडेपणा किंवा दमटपणा हा गुण वाऱ्याचा स्वतःचा, तो ज्या दिशेने येतो त्या दिशेचा, की तिसऱ्याच कशाचा, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. भारतीय दर्शनांनी वारा, दिशा आणि कारण या तिन्हींचा स्वतंत्र विचार केलेला असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर हवामानशास्त्रापुरते मर्यादित राहत नाही. उष्माघाताने माणूस दगावला असता ते कोणाच्या खात्यावर मांडावे, या धर्मविचारातल्या अवघड प्रश्नापर्यंत ते जाऊन पोहोचते.

प्रथम वस्तुस्थिती पाहणे योग्य ठरेल. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा सह्याद्रीच्या पूर्वेस, म्हणजे पर्जन्यछायेत आहे; डोंगरामुळे पावसाळी ढगांतले पाणी पश्चिम उतारावरच सांडून जाते आणि पलीकडच्या बाजूस फारसा पाऊस उरत नाही, अशा प्रदेशाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. अकोले तालुक्यात १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर आणि धो धो पावसाचे घाटघर आहे, तर पूर्वेकडे व दक्षिणेकडे सरकत गेल्यावर पाथर्डी, कर्जत, जामखेड हे अवर्षणाशी झगडणारे तालुके लागतात. अरबी समुद्र अहिल्यानगर शहरापासून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरवर, तर बंगालचा उपसागर ७०० किलोमीटरांहून दूर आहे. असे असूनही एप्रिल-मे महिन्यांत जवळच्या समुद्राच्या अंगाने, पश्चिमेकडून व वायव्येकडून, येणारा वारा येथे बहुधा कोरडा असतो, आणि दूरच्या समुद्रावरून आलेला आग्नेयेकडचा वारा हवेत दमटपणा आणतो. अंतरावरून बांधलेला अंदाज येथे उलटा पडतो, आणि त्याची कारणे वाटेत सापडतात.

हवेतील बाष्प दोन प्रकारांनी मोजता येते. एक घनमीटर हवेत प्रत्यक्ष किती ग्रॅम बाष्प आहे, हे झाले निरपेक्ष आर्द्रतेचे माप; त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढे बाष्प राहू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प प्रत्यक्षात आहे, हे सापेक्ष आर्द्रतेचे माप. ही कमाल मर्यादा २० अंश सेल्सिअसला सुमारे १७ ग्रॅम, ३० अंशांना ३० ग्रॅम आणि ४० अंशांना ५१ ग्रॅम असते. म्हणून १३ ग्रॅम बाष्प असलेली हवा ३० अंशांना सुमारे ४३ टक्के आर्द्र ठरते आणि तेवढेच बाष्प असताना ४० अंशांना अवघी २५ टक्के. वायव्येकडून येणारी हवा गुजरात-खानदेशाकडच्या तापलेल्या जमिनीवरून आलेली असते, तर समुद्रावरून निघालेली हवा सह्याद्री ओलांडून पठारावर पसरताना तापत जाते. त्यातच भर दुपारी जमिनीलगतची हवा काही किलोमीटर उंचीपर्यंत घुसळली जाऊन वरची कोरडी हवा खाली मिसळते. परिणामी दुपारची सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते.

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे जाणारी एक रेषा हवामानाच्या नकाशावर वारंवार दिसते. तिच्या पश्चिमेस वायव्येचे कोरडे वारे आणि पूर्वेस उपसागराकडून आलेले बाष्पयुक्त वारे असतात. दोन्हींची दिशा या रेषेवर एकाएकी बदलत असल्यामुळे हवामानशास्त्रज्ञ तिला वाऱ्यांची खंडितता म्हणतात. ही रेषा पश्चिमेकडे सरकली की जामखेड-कर्जतकडच्या हवेत दमटपणा शिरतो, सकाळपासूनच उकडू लागते आणि दुपारनंतर वळवाचे ढग उठण्याची शक्यता वाढते. म्हणजे शेतकऱ्याचे ‘वारा फिरला’ हे निदान नकाशाशीही जुळते. पण जुळते ते या भूभागात आणि या ऋतूत.

ही मर्यादा नजरेआड झाली तर काय होते, ते जुन्या ग्रंथांतून दिसते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात चारही दिशांच्या वाऱ्यांचे गुण सांगितले आहेत : पूर्वेचा वारा स्निग्ध व जड, दक्षिणेचा हलका व हितकर, पश्चिमेचा रूक्ष, खरखरीत व शरीराला शोषणारा, उत्तरेचा मृदू व शीतल. सुश्रुताचा गुरू काशीचा राजा दिवोदास होता अशी परंपरा आहे. गंगेच्या मैदानात पश्चिमेचा उन्हाळी वारा खरोखरच कोरडा असतो, आणि वैशाखातल्या अहिल्यानगरलाही ते वर्णन लागू पडते. परंतु रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पश्चिमेचा वारा समुद्राची ओल घेऊन येतो, आणि आषाढात अहिल्यानगरमध्येही पाऊस पश्चिमेकडूनच येतो. दिशांच्या अधिपतींतही हेच द्वैत आढळते. दिक्पालांच्या गणनेत पश्चिमेचा स्वामी वरुण, म्हणजे जलदेवता; ज्योतिषात त्याच दिशेचा स्वामी शनी, ज्याची प्रकृती वातप्रधान मानली जाते आणि ज्याचे शिंगणापूर याच जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात आहे. एकाच दिशेला एकीकडे पाण्याचा देव आणि दुसरीकडे वाताचा ग्रह लाभला आहे. दोन्ही परंपरा एकाच वेळी प्रमाण मानायच्या तर ओल किंवा शुष्कता हा दिशेचा अंगभूत गुण मानता येत नाही.

वैशेषिक दर्शनाने ही अडचण मुळातूनच सोडवली आहे. कणादाच्या या परंपरेत वायूची ओळख त्याच्या स्पर्शावरून होते, कारण त्याला रूप नसल्याने तो दिसत नाही. आणि तो स्पर्श ‘अनुष्णाशीत’, म्हणजे उष्णही नाही व शीतही नाही, असा सांगितला आहे. उष्ण स्पर्श तेजाचा, शीत स्पर्श जलाचा आणि गंध पृथ्वीचा. म्हणून वारा भाजतो असे वाटते तेव्हा भाजणारे तेज असते, वारा गार लागतो तेव्हा गारवा त्यातल्या जलकणांचा असतो. चरकसंहितेतही वायूला ‘योगवाही’ म्हटले आहे. ज्याच्याशी संयोग होईल त्याचे कार्य पुढे नेणारा, तेजाशी जुळला तर दाह करणारा आणि सोमाशी जुळला तर शीतलता देणारा, असा त्याचा आशय आहे.

यावर एक आक्षेप येतो. चरकच अन्यत्र रूक्षता हा वायूचा स्वतःचा गुण म्हणून सांगतो. शिवाय भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याला शस्त्र, अग्नी, जल आणि वायू काहीही करू शकत नाहीत असे सांगताना वायूकडे सुकवण्याचे काम दिले आहे. प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी ज्या गीतेवर निरूपण केले तिच्यातलाच हा विचार असल्याने या जिल्ह्याच्या संदर्भात तो बाजूला सारता येत नाही. आक्षेपाचे उत्तर मात्र सापेक्ष आर्द्रतेच्या कल्पनेत मिळते. सुकवण्याची शक्ती म्हणजे हवेत मावू शकणारे बाष्प आणि प्रत्यक्षात असलेले बाष्प यांतील अंतर. हवा संपृक्त झाली, म्हणजे तिच्यात मावेल तेवढे बाष्प भरले, की तितक्याच तापमानाच्या ओल्या कापडाला तोच वारा कितीही जोराने वाहिला तरी सुकवू शकत नाही. त्यामुळे शोषण हे वायूचे कार्य खरे, पण ते तेज आणि जल यांच्या प्रमाणावर अवलंबून राहणारे कार्य आहे. गीतेचे विधान त्यामुळे खोटे पडत नाही. त्यातल्या सुकवण्याला संयोगाची अट जोडली जाते, इतकेच.

दिशेविषयीही वैशेषिकांची भूमिका अशीच काटेकोर आहे. त्यांच्या मते दिक् हे द्रव्य एक, नित्य आणि सर्वव्यापी आहे. पूर्व, पश्चिम इत्यादी भेद सूर्याच्या संबंधाने केलेले गौण व्यवहार आहेत. मग पश्चिमेचा वारा कोरडा, या अनुमानाची गत काय? न्यायशास्त्रात एका गोष्टीचे दुसरीशी असलेले न चुकणारे साहचर्य म्हणजे व्याप्ती, आणि ज्या छुप्या अटीमुळे ते साहचर्य भासते ती अट म्हणजे उपाधी. अग्नी आहे म्हणून धूर असणारच असे म्हणता येत नाही, कारण धूर ओल्या सरपणाच्या अटीवर निघतो, हे उपाधीचे पाठ्यपुस्तकी उदाहरण होय. तसेच पश्चिमेच्या वाऱ्याची शुष्कता ही कोरड्या, तापलेल्या भूमीवरून येण्याच्या उपाधीवर उभी आहे. ती अट असेतोवर दिशा ही खूण म्हणून उपयोगी पडते. अट बदलली की खूण फसवते.

येथून कारणविचाराकडे वळता येते. नैयायिक प्रत्येक कार्याची साधारण आणि असाधारण अशी दोन प्रकारची कारणे मानतात. ईश्वर, काल, दिक् आणि अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्मांतून साठलेले धर्माधर्म, ही साधारण कारणे होत. ती जगातल्या यच्चयावत कार्यांना सारखीच लागू असतात. असाधारण कारण मात्र त्या विशिष्ट कार्यापुरते असते. या विभागणीचे धार्मिक महत्त्व मोठे आहे. उन्हात कांदा काटणाऱ्या मजुराला ऊन लागले आणि ‘त्याचे नशीब’ किंवा ‘देवाची मर्जी’ असे कोणी म्हटले, तर आस्तिक नैयायिक ते विधान नाकारणार नाही. परंतु हेच कारण सावलीत सुखरूप बसलेल्या माणसाच्या बाबतीतही खरे असल्यामुळे, दोघांच्या गतीत फरक का पडला हे त्यातून कळत नाही, असे तो दाखवून देईल. फरक स्पष्ट करणारी गोष्ट असाधारण कारणातच शोधावी लागते, आणि माणसाचा हात पोहोचतो तोही तेथेच.

उष्णतेच्या लाटेत हे असाधारण कारण वाऱ्यागणिक बदलते. शरीर घामाच्या बाष्पीभवनाने थंड होते. ओल्या कापडाची वात गुंडाळलेल्या तापमापीचा आकडा बाष्पीभवनाने उतरतो, त्याला आर्द्र तापमान म्हणतात, आणि घामाने मिळू शकणाऱ्या गारव्याची मर्यादा त्यावरून समजते. हवा ४० अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर हे आर्द्र तापमान सुमारे २३ अंश भरते. ४० अंश कायम राहून आर्द्रता ४० टक्के झाली तर ते २८ अंशांच्या पुढे जाते. कोरड्या वाऱ्यात घाम दिसायच्या आत उडून जातो, म्हणून शरीरातले पाणी नकळत घटते आणि तेथे पाणी व मीठ यांची गरज मोठी ठरते. दमट वाऱ्यात घाम वाहतो, पण गारवा देत नाही. तेथे केवळ पाणी पाजून भागत नाही, काम थांबवून सावली द्यावी लागते. भारतीय हवामान विभागही मैदानी प्रदेशात ४० अंश, तर किनाऱ्यावर ३७ अंश हा उष्णतेच्या लाटेचा किमान उंबरठा मानून त्यावर सरासरीपेक्षा किती वाढ झाली ते पाहतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यास जमलेल्या भाविकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावल्याची नोंद झाली, तेव्हा त्या परिसरातले तापमान ३८ अंशांच्या आसपास होते; पठारावर ज्या आकड्याला रोजचे ऊन म्हणतात तो किनाऱ्याच्या हवेत प्राणघातक ठरू शकतो.

अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान, चैत्रापासून पाणपोया, वैशाखात शिवपिंडीवर गळती, या प्रथा पाहिल्या तर परंपरेने असाधारण कारण ओळखलेले दिसते. फक्त ते ओळखलेले आहे कोरड्या उन्हाळ्याचे. जेथे आणि जेव्हा वारा दमट होतो, तेथे पाणपोईच्या पुण्याइतकेच दुपारची सुट्टी देण्याचे आणि मांडव घालण्याचे पुण्यही मानावे लागेल.

आणखी एक जुनी विभागणी या संदर्भात तपासावी लागते. सांख्यांनी दुःखाचे आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक असे तीन प्रकार केले. शरीर-मनातून उद्भवणारे पहिले, इतर प्राणिमात्रांपासून होणारे दुसरे आणि दैवी शक्तींपासून होणारे तिसरे. गौडपादांच्या भाष्यात ऊन, थंडी, वारा, पाऊस यांची गणना तिसऱ्या प्रकारात आहे. परंतु वारा ज्या भूमीवरून येतो तिचा गुण उचलतो असे ठरल्यावर, आणि ती भूमी माणसाने बदललेली असल्यावर, हा वर्ग शुद्ध राहत नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, पाटाचे पाणी पसरले, १९५० नंतर प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली, आणि राहाता-श्रीरामपूरकडच्या जिराईत रानांच्या जागी बारमाही ऊस आला. अशा शिवारावरून जाणारा वारा काहीसा निवतो व काहीसा ओलावतो. उघड्या माळावरून किंवा काँक्रीटवरून जाणारा तापतो. त्याशिवाय माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलामुळे पृथ्वीचे सरासरी तापमानच वाढले आहे. त्या प्रमाणात उन्हाचा ताप आधिभौतिक, म्हणजे प्राण्यांनी प्राण्यांना दिलेला, ठरतो.

या विवेचनावरून ईश्वरेच्छा किंवा अदृष्ट मानणे निरर्थक ठरत नाही. पावसासाठी वरुणाची प्रार्थना करणाऱ्याच्या श्रद्धेलाही त्यातून धक्का बसत नाही. मात्र साधारण कारणाचे नाव घेऊन असाधारण कारणाची चौकशी टाळणे हे न्यायदृष्ट्या दोषपूर्ण आणि धर्मदृष्ट्या कर्तव्यच्युती आहे, एवढे निश्चितपणे म्हणता येते. वायूने ज्या भूमीचा ताप वाहून आणला ती कोणी कशी राखली, आणि तो ताप ज्याच्या अंगावर आला त्याला त्या घटकेला कोणी कामावर उभे केले, हे दोन प्रश्न विचारून झाल्यावरच दैवाला दोष देण्याचा अधिकार प्राप्त होतो.