पाण्यासारखा पैसा



एप्रिल २०१६ मध्ये मी नांदेडहून लातूरला बहिणीकडे गेलो होतो. भाची इंग्रजी वाक्प्रचार पाठ करत होती. 'टाइम इज मनी' तिला लगेच कळले. 'स्पेंड मनी लाइक वॉटर' आल्यावर तिने विचारले, "मामा, म्हणजे पैसा फार जपून वापरणे ना?"

मला हसू आले आणि लगेच विरले. तिचे काय चुकले होते? मांजरा धरण कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून प्रशासनाने १४४ कलम लावले होते. १२ एप्रिलला मिरजेहून 'जलदूत' रेल्वे पोहोचली. पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर पाणी. बहिणीच्या घरी भाजी धुतलेले पाणीसुद्धा बादलीत साठवून संडासाला वापरत.

दोष इंग्रजीला द्यावा, तर आपणही 'लग्नात पैसा पाण्यासारखा ओतला' असेच म्हणतो. तेही १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्यात! मला वाटते, पाणी मुबलक होते असा त्या बोलण्याचा अर्थ नाही. पाण्याचा हिशेब कोणी ठेवत नसे, एवढाच आहे. दारी आलेल्याला आधी तांब्याभर पाणी, मग चौकशी. (विहिरीवर जात पाहिली जाई हेही खरे, उगाच जुन्या काळाचे गोडवे नकोत.)

त्या उन्हाळ्यात पाणी हिशेबाच्या वहीत आले. बहिणीच्या गल्लीत एकाच घरच्या बोअरला पाणी होते. ते घागरीमागे पैसे घेत आणि गल्ली त्यांना नावे ठेवी. पण मोटारीला वीज लागते, बोअर कर्ज काढून मारलेला. पैसे घेणे पाप होते का? मला तसे म्हणवत नाही. खर्चापुरते घेणे वेगळे आणि समोरच्याची तहान पाहून भाव वाढवणे वेगळे. एकातून दुसऱ्यात आपण कधी शिरलो, हे शेजाऱ्यांना कळत नाही, घेणाऱ्याला मात्र कळते.

मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशू थंड पाण्याच्या एका पेल्याचेही प्रतिफळ सांगतो. पूर्वी मला ते फार किरकोळ दान वाटे. मी निघताना बहिणीने पेला अर्धाच भरला. "लागले तर आणखी देते," म्हणाली. ती संकोचली होती.

भाचीला मी पुस्तकातला अर्थ सांगितला : उधळपट्टी करणे. परीक्षेत तोच लिहावा लागणार होता.